रक्तातील खूण आणि औषधाचा खटला

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर रात्री मुंबईच्या गाडीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर आपल्यालाही एक गोष्ट दिसेल. सोलापूर, सांगली, कराडकडून आलेली आणि येथे गाडी बदलणारी काही माणसे एक्स-रेची मोठाली पाकिटे छातीशी धरून उभी असतात. बरोबर एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि बहुधा एक वडीलधारे माणूस. कोठे निघालात म्हणून विचारले तर ती गावाचे नाव सांगत नाहीत, परळही म्हणत नाहीत. "टाटाला," एवढेच सांगतात. पुण्यात आज मोठमोठी इस्पितळे झाली, कर्करोगावर उपचार करणारे नामांकित वैद्य येथेही आहेत; तरी त्या एका शब्दावरची गरिबांची भिस्त कमी झालेली नाही. आमच्या संघटनेच्या कामाने आम्ही त्या गाडीने कितीतरी वेळा गेलो आहो. आजचा विषय आम्हांला त्या प्रवासातच सुचला.

कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून कर्करोगाच्या तपासण्यांवर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या दुसऱ्या पाळीनंतर वाचनालयात बसून, शब्दकोश उशाशी ठेवून झालेले आहे. चुकभूल झाली तर सभेत बसलेल्या डॉक्टरांनी जरूर कान धरावा. मात्र ज्या रोगाची ही हकीकत आहे तो आपल्या देशात ऐन कमावत्या वयात, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, पुष्कळांना गाठतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीच्या आसपास दिसतो. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की तो प्रश्न आमच्या दारात येतोच. म्हणून ह्या विषयात शिरण्याचा अधिकार आम्ही घेतला आहे.

प्रारंभ परळपासूनच करू. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, परदेशात वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी उभारलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले, ते ८० खाटांनिशी. ह्या जागेचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मेहेरबाईंवर परदेशात उपचार होऊ शकले, आणि त्यांच्या स्मरणार्थ झालेले इस्पितळ उभे राहिले गिरणगावात, भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्या चाळींच्या शेजारी. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. इस्पितळ मात्र तेथेच आहे, आणि त्याच्या फुटपाथवर आजही परगावचे रोगी मुक्कामाला असतात.

ह्या इस्पितळात पहिल्या दिवसांत जे संशोधन झाले त्याचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात आपल्या देशातील चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांचे वर्णन आहे. धोतर घट्ट कसून बांधण्याने कमरेच्या कातडीवर वर्षानुवर्षे घर्षण होऊन होणारा कर्करोग त्यांपैकी एक. वैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत 'धोती कॅन्सर' हे नाव त्यावरून गेले. रोग्याच्या शरीरात डोकावण्यापूर्वी त्याच्या जगण्यात डोकावणारी ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. खानोलकरांच्याच हाताखाली एका पुणेकर मुलीने १९४९ साली डॉक्टरेट मिळवली: हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, समर्थांच्या घरच्या कमल रणदिवे. १९१७ साली येथे जन्मलेल्या ह्या बाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची ही विद्या होय. कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य भाग होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांचे नाव जेवढे ऐकू यावयास हवे तेवढे येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या 'खुणे'कडे वळू. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड ह्या दोघांना एका विशिष्ट रक्तकर्करोगाच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. ह्या रोगाचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. शहराच्या नावावरून त्या आखूड गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. आखूड का, हे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली ह्या बाईंनी सांगितले. बाविसावे आणि नववे अशा दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झालेली असते. पुढे कळले की, ह्या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून एक विकृत प्रथिन तयार होते.

हे काय होते ते आमच्या भाषेत सांगतो. कारखान्यातल्या प्रेसला एक कळ असते. ती दाबली की ठोका पडतो, सोडली की यंत्र थांबते. समजा ती कळ दाबलेल्या स्थितीतच अडकून बसली, तर ठोक्यावर ठोके पडत राहतील, माल साचेल, आणि शेवटी शॉपमध्ये पाऊल ठेवायला जागा उरणार नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींचे नेमके असेच होते. तोपर्यंतची औषधे म्हणजे सगळ्या कारखान्याची वीज तोडण्यासारखी होती: प्रेस थांबे, पण पंखे, दिवे, पंप हेही थांबत. ब्रायन ड्रकर, निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी यांनी जे केले ते निराळे. त्यांनी त्या अडकलेल्या कळीतच बसेल अशी पाचर शोधली. तिचे नाव इमॅटिनिब. १९९८ साली ती पहिल्यांदा रोग्यांना दिली गेली आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. रोज तोंडाने घ्यावयाची गोळी. आणि जो रोग चार-पाच वर्षांत माणसाला नेत असे, तो मधुमेहासारखा सांभाळत जगण्याजोगा झाला.

तोवर आपल्याकडे काय होते? १९८३ साली टाटा इस्पितळात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी करून दाखविले, देशातले ते पहिले. परंतु त्यासाठी जुळणारे भावंड हवे, पैसा हवा आणि दैवही हवे. बाकीच्यांना पांढऱ्या पेशींची संख्या तात्पुरती खाली आणणारी साधी गोळी मिळे. तिने संख्या खाली येई, रोग आत चालूच राही.

येथून पुढे आमची कथा प्रयोगशाळेतून न्यायालयात जाते. त्यापूर्वी कायद्याचा थोडा इतिहास पाहणे भाग आहे. इंग्रजांनी १९११ साली केलेल्या पेटंट कायद्याखाली औषधाच्या पदार्थावरच मक्तेदारी मिळे. स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समितीने आणि १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाने दाखवून दिले की, ही मक्तेदारी बहुतांशी परकीयांच्या हाती आहे आणि त्यांतली बरीच पेटंटे येथे माल बनविण्यासाठी घेतलेलीच नाहीत. त्यावरून १९७० चा कायदा झाला आणि तो १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त ते बनविण्याच्या रीतीवर, तेही अल्प मुदतीचे, असे त्याने ठरविले. दुसऱ्या रीतीने तेच औषध बनविण्यास देशी कारखाने मोकळे झाले. आपल्या पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना ह्या कायद्याच्या आधीच, पंचावन्न सालच्या सुमारास, सुरू झाला होता. औषधे येथे बनू शकतात हा आत्मविश्वास त्याने दिला, आणि सत्तरच्या कायद्याने त्या आत्मविश्वासाला रस्ता दिला. पिंपरीचा तो कारखाना पुढे आजारी पडला ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट. तिच्यावर आम्ही स्वतंत्र व्याख्यान देऊ शकू, आज देत नाही.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर भारताला औषधाच्या पदार्थावर पुन्हा पेटंट द्यावे लागणार होते. त्यासाठी २००५ पर्यंत मुदत मिळाली. मधल्या काळात आलेले अर्ज एका पेटीत बंद ठेवायचे होते. इमॅटिनिब ह्या मूळ पदार्थाचे पेटंट परदेशांत १९९३ च्या अर्जावरचे, म्हणून भारतात त्याला जागाच नव्हती. नोव्हार्टिस ह्या स्विस कंपनीने १९९८ साली येथे अर्ज केला तो त्याच पदार्थाच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाबद्दल. २००३ च्या नोव्हेंबरात त्या पेटीतल्या अर्जाच्या बळावर कंपनीला विक्रीचा खास हक्क मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने त्या आधारे देशी मालाला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई देण्यास नकार दिला. एकाच देशात एकाच गोळीबद्दल दोन न्याय! आकडे तेव्हा असे सांगितले जात: कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये, देशी गोळी ८,००० ते १०,००० रुपये. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, कंपनीने हजारो भारतीय रोग्यांना गोळी विनामूल्य पुरविण्याची योजना चालविली होती. पुष्कळजण तिच्यामुळे जगले. परंतु दानावर चाललेला श्वास आणि हक्काने घेतलेला श्वास ह्यांतले अंतर, ज्याने मालकाच्या मर्जीवर कधी नोकरी केली आहे, त्यास समजावून सांगावे लागत नाही.

ह्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत देशी कारखाने होते, तसेच रोग्यांचीही एक संस्था होती. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ साली स्थापन झालेली, गरीब रोग्यांना औषधे, अन्न, आधार पुरविणारी संस्था. औषधाची वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांनी पेटंटच्या कचेरीत जाऊन हरकत नोंदवावी, ही गोष्ट आम्हांस ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोठी वाटते. त्यांनी ओळखले की, वर्गणी कितीही काढली तरी ती १,२०,००० ला पुरणार नाही. भाव ठरतो तेथेच गेले पाहिजे. वेतनाच्या बाबतीत आमच्या चळवळीला हेच शिकायला काही पिढ्या लागल्या.

२००५ साली संसदेत कायदा बदलताना, डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे, त्यात एक कलम आले: तिसऱ्या कलमाचे 'ड' हे पोटकलम. आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप म्हणजे शोध नव्हे. गुणकारीपणात ठळक वाढ दाखवाल तरच पेटंट, असा त्याचा मथितार्थ. २५ जानेवारी २००६ रोजी चेन्नईच्या पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला. कंपनीने कलमच घटनाबाह्य आहे म्हणून मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते २००७ च्या ऑगस्टात फेटाळले गेले. २००९ साली अपील मंडळानेही पेटंट नाकारले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. देसाई बाई पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होत्या. नवे स्फटिकरूप शरीरात सुमारे ३० टक्के अधिक शोषले जाते, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने म्हटले की, अधिक शोषले जाणे म्हणजे अधिक बरे करणे असे आपोआप सिद्ध होत नाही. औषधाच्या बाबतीत गुणकारीपणा म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. अपील फेटाळले गेले. त्या दिवशी परळला पेढे वाटले गेले की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. आम्ही आमच्या कचेरीत मात्र वाटले.

का वाटले, ते सांगतो. आमच्या संघटनेचा एक सभासद, सातारा रस्त्यावरील एका लहान वर्कशॉपात टर्नर. २००५ साली त्याला थकवा येऊ लागला, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागले. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी दीड लाखावर. शहरातील एका इस्पितळात, नाव घेण्याची जरूर नाही, दहा महिने त्याच्या पेशी मोजल्या गेल्या आणि ती जुनी साधी गोळी दिली गेली. त्याच्या रक्तात ती फिलाडेल्फियाची खूण आहे की नाही, हे पाहण्याची तपासणी कोणी लिहूनच दिली नाही. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "खूण सापडली तरी औषध त्याला परवडणार आहे का?" उत्तर देणारा तरुण डॉक्टर दुष्ट नव्हता, त्याला ते दयेचे वाटत असावे. पण ध्यानात घ्या, कंपनीच्या मोफत योजनेलासुद्धा ती खूण सिद्ध झाल्याचा कागद लागत असे. तपासणी नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून औषध नाही, आणि औषध नाही म्हणून तपासणी कशाला! आमचा सभासद त्या फेऱ्यात दहा महिने फिरला. अखेर वर्गणी काढून आम्ही त्याला त्या रात्रीच्या गाडीत बसविले. खूण सापडली. २००६ च्या उन्हाळ्यात देशी इमॅटिनिब सुरू झाले. तो पुढे पंधरा वर्षे लेथवर उभा राहिला.

त्या तरुण डॉक्टरचे वाक्य आमच्या मनातून गेले नाही, आणि पुढचे वाचन त्याच्यामुळेच झाले. औषध महाग असताना तपासणी फुकट जाते असे त्याला वाटे. आज देशी इमॅटिनिब पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त झाले आहे, तरी तपासणी मागेच राहिली आहे. ह्या रोगात एकदा खूण पाहून भागत नाही. गोळी लागू पडते आहे की नाही हे कळण्यासाठी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी रक्तातील त्या चिकटलेल्या जनुकाचे प्रमाण मोजावे लागते. प्रमाण वाढू लागले तर कळीचा आकार बदलला असे समजावयाचे, आणि पाचर बदलावयाची. आता हिशेब करा. तपासणीचे काही हजार रुपये, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडे. एस. टी. कर्करोग्याला भाड्यात सवलत देते, हे तिला भूषणच आहे. पण रोजंदारीवाल्याला सवलत कोण देणार? मग माणूस एक तारीख चुकवतो, मग दुसरी. बरे वाटत असते, म्हणून गोळीही मधूनच बंद करतो. हा रोग बरे वाटतानाच परत येतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाची कथा ह्याच वाटेने गेली, फक्त उलट क्रमाने. जेफिटिनिब नावाची गोळी २००३ साली अमेरिकेत आली ती कोणाला लागू पडेल हे ठाऊक नसतानाच. काही रोगी आश्चर्यकारक सुधारत, बहुतेकांना काडीचा उपयोग होत नसे. २००४ साली कारण सापडले: ज्यांच्या गाठीत ईजीएफआर ह्या जनुकात विशिष्ट बदल आहे त्यांनाच ती लागू पडते. २००९ साली पूर्व आशियात झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने आणखी बजावले की, तो बदल असलेल्यांना गोळी नेहमीच्या औषधांपेक्षा चांगली, आणि नसलेल्यांना ती नेहमीच्या औषधांपेक्षा वाईट. म्हणजे तपासल्यावाचून दिलेली गोळी निरुपयोगी तर ठरतेच, शिवाय रोग्याच्या हातातले चांगले महिने काढून घेते. आपल्या देशात फुप्फुसाच्या एका प्रमुख प्रकारच्या कर्करोगात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रोग्यांत, काही पाहण्यांत त्याहून अधिकांत, हा बदल आढळतो. गोऱ्या लोकांत ह्याहून पुष्कळ कमी. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्यांत आणि स्त्रियांत तो विशेष सापडतो. "आमच्या आईने तर कधी तंबाखू हातात धरली नाही," असे म्हणत येणारी मुले आम्ही पाहिली आहेत. अशा वेळी ही तपासणी आधी मागावी.

येथेही परळने आपली भर घातली. पाश्चात्त्य देशांत तोवर अधिक नवी आणि फार महाग गोळी आली होती. टाटा इस्पितळातील डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकारी यांनी ३५० रोग्यांवर एक प्रयोग केला; तो २०२० साली प्रसिद्ध झाला. हे सर्व रोगी तपासणीत तो बदल आढळलेले. निम्म्यांना जेफिटिनिब एकटे, निम्म्यांना त्याबरोबर जुनी, स्वस्त, शिरेतून देण्याची औषधे. रोग पुन्हा डोके वर काढीपर्यंतचा मधला काळ एकट्या गोळीने ८ महिने, जोडीने १६ महिने निघाला. जोडीच्या औषधांचा त्रासही अधिक होतो, हे त्यांनी लपविले नाही. जुनी हत्यारे नव्या माहितीने वापरण्याचा हा मार्ग आम्हा गरीब देशांना शोभणारा आहे.

जगाच्या इतर भागांत ह्याच अडचणीवर लोकांनी युक्त्या शोधल्या आहेत. जेथे खूण तपासणारी प्रयोगशाळाच नाही अशा देशांतून रोग्याच्या रक्ताचे ठिपके कागदावर वाळवून साध्या टपालाने अमेरिकेतील सिॲटल शहरी पाठवितात आणि तेथे ती खूण तपासतात. क्षयाच्या तपासणीसाठी आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जे लहानसे स्वयंचलित यंत्र पोचले आहे, त्याच जातीच्या यंत्रात वेगळी डबी घालून रक्तकर्करोगाचे हे प्रमाणही मोजता येते. यंत्र गावात असताना माणसाने मुंबईला जावे, ह्याला नुसती अव्यवस्था म्हणावे लागेल. आणि एक बारीक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली यादी केली १९७७ साली. इमॅटिनिब तीत २०१५ साली आले. पण आवश्यक तपासण्यांची पहिली यादी झाली २०१८ साली, औषधांच्या मागून ४१ वर्षांनी! तपासणी म्हणजे औषधाच्या आधीचा वरखर्च, असे साऱ्या जगानेच मानले होते. आमच्या त्या तरुण डॉक्टराला एकट्याला दोष देऊन काय उपयोग?

दुसऱ्या टोकाला आता आणखी एक प्रकार दिसू लागला आहे. गाठीतील शेकडो जनुके एकदम तपासणाऱ्या मोठ्या तपासण्या निघाल्या आहेत. शास्त्राला त्यांची गरज आहे; भारतीय रोग्यांच्या गाठी परदेशीयांसारख्याच असतील असे धरून चालणे चूक, आणि तो अभ्यास येथेच झाला पाहिजे. पण घरातले डाग गहाण ठेवून अशी तपासणी करवून घेतलेले एक कुटुंब गेल्या वर्षी आमच्याकडे आले. पंधरा-वीस पानांचा रंगीत अहवाल, आणि शेवटच्या पानावर दोन औषधांची नावे, दोन्ही महिन्याला लाखांतली. आम्हांस वाटते, रोग्याने आणि नातलगांनी तपासणीला पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हिचे उत्तर होय आले तर आमच्या हाती लागेल असे कोणते औषध आहे? रक्तातल्या त्या खुणेला, फुप्फुसातल्या त्या बदलाला, स्तनाच्या काही कर्करोगांतील हर-टू ह्या खुणेला ह्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्या देशात आहे. ह्या तिन्हींवर देशी औषधे निघाली आहेत. ह्या तपासण्या प्रत्येक सरकारी योजनेच्या कागदात उपचाराइतक्याच स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, ही मागणी आम्ही गेली काही वर्षे करीत आहो.

मागणी पुरी कशी होईल ह्याचे एक उदाहरण परळनेच दिले आहे. २०१२ साली टाटा इस्पितळाच्या पुढाकाराने देशातील कर्करोग केंद्रांचे एक जाळे, नॅशनल कॅन्सर ग्रिड, उभे राहिले. त्यातील काही केंद्रांनी अलीकडे एकत्र येऊन ४० औषधांची खरेदी केली: प्रत्येकाने स्वतंत्र भाव करण्याऐवजी सर्वांची गरज एकत्र मोजून एकच निविदा काढली. भाव कित्येक औषधांत एकपंचमांशापर्यंत खाली आले. ते वाचून आमच्या कचेरीत हशा पिकला. इस्पितळांनी युनियन केली! एकटा कामगार मालकापुढे उभा राहिला तर पगार मालक ठरवतो. हजार उभे राहिले तर बोलणी होतात. औषधाच्या बाबतीत जे झाले ते तपासणीच्या रसायनांच्या आणि डब्यांच्या बाबतीतही होण्यासारखे आहे.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, तुमचा तो टर्नर आता कसा आहे? छापताना त्याचे उत्तर येथे घालतो. तो निवृत्त झाला, नातवाला शाळेत पोचवतो. आमच्या कचेरीत भविष्यनिर्वाह निधीच्या तारखांच्या तक्त्याशेजारी आम्ही दुसरा एक तक्ता लावला आहे. त्यावर अशा सात सभासदांच्या तपासणीच्या तारखा आहेत. तारखेच्या आदल्या दिवशी कचेरीतून फोन जातो, आणि ज्याची मजुरी बुडणार असेल त्याला ती कल्याण निधीतून मिळते. सातांपैकी त्याची पुढची तारीख ऑगस्टात आहे.